मागून, उजवीकडून

माझ्या नवऱ्याला कुणीही फसवू शकतं, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. काळाचौकीच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर आम्ही वाढलो. गोट्या खेळताना ह्याच्या सगळ्या गोट्या जायच्या आणि वर हा समोरच्याला म्हणायचा, "मस्त खेळतोस रे." समोरचा रडीचा डाव खेळून जिंकलाय हे अख्ख्या गॅलरीला दिसायचं, ह्याला सोडून. अशा माणसाशी संसार करायचा तर घरात एकाने तरी संशयी असायला हवं. ते काम मी घेतलं. एकाच चाळीतले असल्यामुळे 'अहो' म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही. सासूबाईंनी थोडे दिवस तोंड वाकडं केलं आणि मग नाद सोडला.

नोकरीही मला स्वभावाला साजेशी मिळाली. विमा कंपनीत, मोटार क्लेमच्या खात्यात. लोक गाड्या ठोकायचे, गॅरेजवाले बिलं लावायचे, आणि कुठे पाणी मुरतंय ते आम्ही बघायचो. नवा दरवाजा बसवला म्हणून बिल यायचं आणि गाडीला जुनाच दरवाजा ठोकून रंगवलेला असायचा. आमच्याकडे एक सर्व्हेअर होते, ते बायकोची नेलपॉलिशची बाटली खिशात घेऊन फिरायचे. मोडलेल्या पार्टवर कुणाच्या लक्षात येणार नाही असा एक ठिपका ठेवायचे, आणि काम झालं म्हणून निरोप आला की गॅरेजवाल्याला म्हणायचे, जुना माल दाखव. ठिपकेवाला पार्ट कोपऱ्यात पडलेला दिसला तर ठीक. तो गाडीलाच लागलेला सापडला तर त्या गॅरेजचं काही खरं नसे. ऑफिसातून रिटायर होताना मी काही घरी आणलं असेल तर ही एक युक्ती.

ती नवऱ्याच्या गाडीवर वापरावी लागेल असं मात्र वाटलं नव्हतं.

गाडी आमच्याकडे आली ती टॉवरमुळे. चाळ पाडून टॉवर बांधला. दोन खोल्यांच्या जागी दोन खोल्याच मिळाल्या, फक्त त्यातल्या एकीला बेडरूम म्हणायला लागलो. शिवाय खाली एक पार्किंग मिळालं. पार्किंग रिकामं राहिलं तर शेजारचा त्यात त्याची दुसरी गाडी घालेल, असं मीच म्हणाले होते. म्हणजे खापर माझ्यावरच. मला वाटलं, हा एखादी चार दारांची, आईवडील-मुलंबाळं छापाची गाडी आणेल. हा घेऊन आला दोन सीटची, छप्पर मागे दुमडणारी, लालभडक जपानी स्पोर्ट्स कार. मलबार हिलवरच्या कुणा श्रीमंताच्या पोराने हौस फिटल्यावर विकलेली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बसेल एवढ्या वयाची. तिच्यात बसणं म्हणजे रस्त्यावर पाट मांडून बसणं. लालबागच्या बाजारातून पहिल्यांदा आलो तेव्हा मसालेवाल्या बायका आमच्याकडे वरून बघत होत्या.

पण तरुणपणी नोकरीला जाताना गिरगाव चौपाटीच्या सिग्नलला अशी एक गाडी त्याला रोज दिसायची. ती सिग्नल सुटताच कशी निघायची हे त्याने मला लग्नाआधी सांगितलं होतं, लग्नानंतर सांगितलं होतं, आणि मुलीला गोष्ट म्हणून सांगितलं होतं. आयुष्यभर त्याने स्वतःसाठी काही मागितलं नाही. ही एक गाडी मागितली. त्यामुळे मी गप्प बसले, आणि गप्प बसणं मला किती जड जातं हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

एक वर्ष बरं गेलं. मग त्याची तक्रार सुरू झाली.

"गाडी मारते ग," तो म्हणाला. "धक्के देते. मागून, उजवीकडून."

मी म्हटलं, मुंबईचे रस्ते आहेत, मारणारच. तो म्हणाला, कोस्टल रोडवर कुठे खड्डे आहेत? तिथेही मारते. मग रोज तेच. जेवताना तेच, पेपर वाचताना तेच. पेपर तो त्या दिवसांत उभ्याने वाचायला लागला होता. रिटायर माणसाने बसून बसून करायचं काय, असं त्याचं म्हणणं. आणि एका रविवारी, हातातला चहा न पिता, तो म्हणाला, "एकदा सस्पेन्शनचं सगळं काम करून घेतो. तरीपण मारली, तर विकून टाकतो."

गाडीचं मला काडीचं प्रेम नव्हतं. पण ज्या गोष्टीसाठी हा माणूस अख्खं आयुष्य थांबला, ती हा एका खडखडीपायी विकायला निघाला? मी मनाशी ठरवलं की हे काम नीट होणार, माझ्या डोळ्यांदेखत होणार, आणि गाडी आमच्या खालीच उभी राहणार.

तो एकटाच कॉटन ग्रीनला जाऊन मेकॅनिक गाठून आला. जुन्या कापसाच्या गोदामांच्या रांगेत एका अर्ध्या गाळ्यात त्याचं गॅरेज होतं. हा घरी येऊन म्हणाला, "पुढचे-मागचे सगळे बुश बदलायचे. आणि चारही शॉक अब्सॉर्बर."

"चारही?" मी विचारलं. "चारही एकदम कसे गेले?"

"तो म्हणतोय तसं," हा म्हणाला आणि चपला काढायला वळला.

झालं. माझ्या डोक्यात घंटा वाजली. बुश म्हणजे लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून सांध्यांत बसवलेल्या रबराच्या जाड बांगड्या. त्या झिजतात, कबूल. शॉक अब्सॉर्बर म्हणजे स्प्रिंग उसळली की तिला आवरून धरणारी तेलाची नळी. तीही जाते. पण सगळंच्या सगळं एकदम गेलं, असं फक्त बिलातच होतं, हे मी नोकरीभर बघितलेलं.

संशयाच्या बाबतीत ह्या घरात मला सोबत होती ती फक्त सासऱ्यांची. ते आता नाहीत. गिरणीत साचे चालवण्यात त्यांचा जन्म गेला. एकदा त्यांचं बोट साच्यात सापडलं, तर घरी येऊन फडकं गुंडाळलेला हात मागे धरून म्हणाले होते, "आज साचो बंद पडलो." बोटाचा विषय दुसऱ्यांनी काढला. म्हातारपणी त्यांनी टीव्हीवर डूख धरला होता. "ह्यो टीव्ही बिघडलो हा. आवाज बारीक येता," म्हणायचे. टीव्ही दोनदा दुरुस्तीला गेला. टीव्हीवाला म्हणाला काही बिघाड नाही, तर त्याच्यावर डाफरले, "माका फसवतंस?" मी तेव्हा त्यांच्या बाजूने त्या टीव्हीवाल्याशी भांडून आले होते. साच्यांच्या आवाजाने त्यांचे कान कधीच गेले होते, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं.

असो. दुसऱ्या खेपेला मी नवऱ्याबरोबर कॉटन ग्रीनला गेले. जाताना मांडीवर स्टीलचा रिकामा डबा घेतला आणि त्यात दोन चमचे टाकले.

"हे काय?" नवऱ्याने विचारलं.

"पुरावा," मी म्हटलं.

काळाचौकीपासून गोदामापर्यंत चमचे नुसते नाचत होते. वर पुढच्या चाकांतून कट-कट आवाज येत होता, तो मलाही स्पष्ट ऐकू आला. म्हणजे गाडीत काहीतरी बिघडलं होतं हे खरं. मागून, उजवीकडून काय मारतं ते मला कळेना, पण मी बसले होते डाव्या बाजूला. गॅरेजपाशी उतरताना नवऱ्याने पॅन्ट गुडघ्यापाशी धरून उजवा पाय हाताने उचलून बाहेर ठेवला. एवढ्या बुटक्या गाडीतून माणसं अशीच उतरणार, असं मला वाटलं.

मेकॅनिक बघितला आणि माझा संशय दुप्पट झाला. इस्त्रीचा शर्ट. सोनेरी काडीचा चष्मा. हाताला ग्रीस नाही. भिंतीवर दिवे लावलेला एक कोपरा, तिथे तो आपल्या कामाचे व्हिडिओ काढायचा. पहिलं वाक्य गाडीबद्दल नव्हतंच.

"वहिनी, आपलं रील बघता की नाय? अख्ख्या मुंबईतून गाड्या येतात. फॉलो करा."

"काम बघते आधी," मी म्हटलं.

"बघा की. आपल्याकडे सगळं ओपन असतं."

ओपन असतं असं जो आपणहून सांगतो त्याचं सगळ्यात आधी तपासावं. थोड्या वेळाने गाडी लोखंडी घोड्यांवर चढली, चाकं निघाली. नवरा आणि मेकॅनिक नव्या पार्टच्या खोक्यांपाशी गेले तसं मी कानातलं पडल्याचं निमित्त केलं, पदर खोचला आणि वाकून गाडीखाली हात घातला. पर्समध्ये कॉफी रंगाचं नेलपॉलिश होतं. पुढच्या बुशांच्या कडेला, मागच्या बुशांच्या कडेला आणि चारही शॉकच्या बुडाला मी एकेक ठिपका ठेवला. पुढच्या रबरांना भेगा होत्या, करपलेल्या भाकरीला पडतात तशा. मागची रबरं माझ्या बोटाला घट्ट लागली. पण त्या क्षणी मी एवढं मनावर घेतलं नाही, कारण मेकॅनिकने हाक मारली.

"वहिनी, कानातलं तर कानातच आहे!"

"म्हणजे सापडलं," मी म्हटलं.

पुढचे दिवस मी गॅरेजात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून काढले. मेकॅनिकला ते रुचलं नव्हतं, मला त्याचं रुचणं नको होतं. जुने बुश दाब देणाऱ्या यंत्राखाली धरून तो बाहेर ढकलायचा तेव्हा बंदुकीसारखा आवाज यायचा आणि मी दचकायचे. तो मुद्दाम करतोय असं मला वाटायचं. नवे बुश बसले, नवे शॉक चढले, आणि त्याने सगळे बोल्ट अर्धवट फिरवून सोडून दिले. हातानेही हलत होते.

"हे असेच ठेवणार?" मी ओरडलेच.

"गाडी जमिनीवर उतरू दे, वहिनी. वजन आल्यावर कसायचे. हवेत कसले तर रबर पिळतं आणि दोन महिन्यांत फाटतं."

मी लगेच मोबाइलवर शोधलं. तो खरं बोलत होता. मला त्याचा रागच आला.

नवरा रोज दुपारी डबा घेऊन यायचा. उभ्या उभ्याच खायचा. मी म्हटलं, ही खुर्ची घे, तर म्हणाला, तूच बस, तुझी ड्युटी आहे. एकदा तो निघून गेला तेव्हा त्याची उजवी चप्पल गॅरेजच्या उंबऱ्यापाशी राहिली होती. थोडं पुढे जाऊन तो परत आला. मी हसून म्हटलं, "एका चपलेवर घरी निघाला होतास? कुणी काढून घेतली तरी कळायचं नाही तुला." तोही हसला.

शेवटच्या दिवशी मी मेकॅनिकला म्हटलं, जुना माल द्या. आमच्याकडे जुना माल मागणं म्हणजे उघड अविश्वास, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने गोणी पुढे केली. मी सगळे बुश फरशीवर ओतले आणि एकेक उलटून बघितला. प्रत्येकावर माझा ठिपका. मग शॉक बघितले. एक, दोन, तीन.

"चौथा?"

"असेल की तिथेच."

"नाही. मागचा उजवा नाही."

"भंगारात गेला असेल, वहिनी. जुन्याचं काय एवढं? नवीन बसवलाय तो बघा ना." आणि त्याने चष्मा पुसायला काढला. माणूस चष्मा पुसायला लागला की त्याला डोळ्यांत बघायचं नसतं. आणि नेमका मागचा उजवा! ज्याच्याबद्दल नवरा महिनाभर बोलत होता, तोच गायब. मी नव्या शॉकखाली पुन्हा वाकून बघितलं, तिथे ठिपका नव्हता, माल नवाच होता. मग जुना लपवायचं कारण काय? चाकांची अलाइनमेंट व्हायची होती म्हणून गाडी एक रात्र तिथेच ठेवली. मी गोणी टॅक्सीत घातली आणि चरफडत घरी आले.

संध्याकाळी भाजी निवडता निवडता मी त्याचं ते रील शोधून काढलं. फॉलो केलं नाही, नुसतं बघितलं. आणि तिथे तो होता, माझा चौथा शॉक. मध्यातून उभा कापलेला, दिव्यांच्या कोपऱ्यात ठेवलेला, बुडाला कॉफी रंगाचा ठिपका. मेकॅनिक इस्त्रीच्या शर्टात सांगत होता, "बघा मित्रांनो, आतून असा असतो शॉक. तेल एकदम साफ. सील सुकं, गळती नाय. हा अजून आरामात चालला असता. पण गिऱ्हाइकाचा शौक, आपण काय करणार!"

मी मटार तसेच टाकले आणि गोणी उघडली. मागचे बुश बाजूला काढून दाबून बघितले. भेग नाही, चीर नाही. मला वाटलं, सापडलास! चांगला माल काढून नवा गळ्यात मारायचा आणि वर त्याचं रील करायचं! नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. तो बाल्कनीत उभा राहून खालच्या रिकाम्या पार्किंगकडे बघत होता. त्याला सांगितलं असतं तर तो त्या मेकॅनिकला म्हणाला असता, मस्त काम करतोस रे.

सकाळी गाडी आणायला दोघंही गेलो. नवरा समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेला तसा मी मेकॅनिकपुढे मोबाइल धरला.

"हा शॉक चांगला होता. तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगताय. मग बदलला कशाला?"

तो आधी ओशाळला, मग चिडला. "एक मिनिट, वहिनी. मी साहेबांना पहिल्याच दिवशी बोललो, पुढचे गेलेत, मागचं सगळं ओके आहे, हात लावू नका. साहेब म्हणाले, मागून उजवीकडून मारते, बदल. मी स्वतः चालवून बघितली. मला तर काय लागलं नाय. पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, बदल म्हणजे बदल. गिऱ्हाईक स्वतः बोलतंय तर मी नको म्हणू? माझं पण दुकान आहे." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, अशी रोज येतात. साहेबांना नाय म्हणत हां मी."

मी टपरीकडे बघितलं. नवरा बाकड्यावर जागा असून उभा होता.

'तो म्हणतोय तसं,' असं हा मला म्हणाला होता. म्हणजे खोटं बोलला होता. माझा नवरा, ज्याला गोट्यांत खोटं खेळता आलं नाही तो. आता माझा संशय मेकॅनिकवरून उठला आणि त्याच्यावर जाऊन बसला. गाडी विकायचं निमित्त शोधतोय का हा? चांगले पार्ट बदलायचे, तरी मारते म्हणायचं, आणि विकून मोकळं व्हायचं? पण का? कुणाला वचन देऊन बसलाय? मुलीला काही हवंय आणि दोघांनी माझ्यापासून लपवलंय? मी चहा घेतला आणि मूग गिळून गाडीत बसले. डबा मांडीवर. दोन चमचे आत.

गाडी निघाली. कॉटन ग्रीनच्या फुटक्या रस्त्यावरून काळाचौकीला वळली, आणि डब्यातून आवाज नाही. पुढची कट-कट बंद. गाडी खड्ड्यात उतरायची आणि वर यायची, बस. घरी न वळता चाचणी म्हणून तसेच पुढे निघालो. लालबागला गेल्या गणपतीत मंडपाच्या बांबूंसाठी खणलेले खड्डे कुणी नीट बुजवले नव्हते, त्यांवरूनही गेलो. चमचे एकमेकांना चिकटून झोपलेले. मला वाटलं, चला, ह्या सोनेरी चष्म्याला मानलं पाहिजे.

आणि नवऱ्याने दातांतून श्वास आत ओढला.

"बघ," तो म्हणाला. "अजून मारते. मागून, उजवीकडून."

मी डब्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. नोकरीत मी माणसांचे चेहरे वाचायचे, पण गाडीत शेजारी बसून नवऱ्याचा चेहरा कोण वाचतं? त्याच्या कपाळावर घाम होता. छप्पर उघडं होतं, वारा होता, आणि तरी घाम होता. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच काहीतरी मारत होतं.

"गाडी बाजूला घे," मी म्हटलं.

"इथे कुठे?"

"घे म्हटलं ना."

परळच्या अलीकडे, एका बंद दुकानासमोर त्याने गाडी लावली. "उतर," मी म्हटलं आणि मीही उतरून त्याच्या बाजूला गेले. त्याने पॅन्ट गुडघ्यापाशी धरली, उजवा पाय हाताने उचलला आणि बाहेर ठेवला. मग दाराला धरून उभा राहिला. सकाळ टळून गेली होती, ऊन डोक्यावर आलं होतं, डांबर तापलेलं. तो माझ्याकडे बघत होता, काय झालं म्हणून.

त्याची उजवी चप्पल आत, ब्रेकपाशी पडली होती.

तो अनवाणी पायाने तापलेल्या डांबरावर उभा होता आणि त्याला पत्ताच नव्हता. डाव्या पायात चप्पल, उजवा पाय उघडा, आणि चेहऱ्यावर काही नाही. मी मनात म्हटलं, आता उचलेल पाय, आता उचलेल. त्याने नाही उचलला.

"पायाला चटका बसत नाही तुला?" मी विचारलं.

त्याने खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मला भीती वाटली, खरी भीती, कारण ह्याच पायाने तो आत्ता लालबागच्या गर्दीतून ब्रेक दाबत आला होता. मी भर रस्त्यात त्याच्यावर ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही. "किती दिवस?" असं काहीतरी. येणारे-जाणारे बघत होते, लाल गाडी, नवराबायकोचं भांडण, फुकटचा तमाशा. मी आत वाकून चप्पल काढली आणि त्याच्या पायात घातली. ती पायात गेली हेही त्याने बघूनच ओळखलं.

"बाबांचा टीव्ही," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला आणि चावी माझ्या हातात ठेवली. गाडी आणल्यापासून त्याने ती मला कधी चालवू दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परळच्या इस्पितळात जायचं होतं. कमरेतला मणका सरकला असेल आणि शीर दबत असेल, असा आमच्या टॉवरमधल्या डॉक्टरबाईंचा अंदाज होता. आणखी उशीर केला तर पाऊल कायमचं लुळं पडू शकतं असंही त्या बोलल्या. टॅक्सी करू म्हटलं तर हा म्हणाला, गाडीने जाऊ. विकायचं नाव नव्हतं काढलं. म्हणून मीच चालवत होते, मांड्यांपर्यंत येणाऱ्या त्या स्टिअरिंगशी झटत, शेजारच्या बसची चाकं डोळ्यांच्या रेषेत. हा डावीकडे बसला होता, मागे उशी, हात दाराला. मला दुरून खड्डा दिसला की मी सांगायचे, "आला." तो अंग आवळून घ्यायचा. "गेला," मी म्हणायचे. काळाचौकी ते परळ आम्ही एवढंच बोलत होतो, आला आणि गेला.

सिग्नलच्या पुढे एक खड्डा मला दिसलाच नाही. चाक त्यात उतरलं आणि वर आलं. गाडीला काहीच झालं नाही.

"दुखलं," तो म्हणाला.

लग्नानंतर हा शब्द मी त्या माणसाच्या तोंडून कधी ऐकलेला नव्हता. ताप आला तर अंग गरम आहे म्हणायचा, दाढ उपटली तेव्हा डॉक्टर बरा आहे म्हणाला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी मला असा संताप आला की मी रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं, "मग आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगत तर होतो ग," तो म्हणाला. "मागून, उजवीकडून."